सत्तावीस घोड्यांचा सारथी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नवी मोटरसायकल घेऊन आमच्याकडे आला. गाडी अंगणात उभी राहिली, आळीतली पोरे गोळा झाली, बहिणीने पुन्हा एकदा हार आणि नारळ आणायला सांगितले. मीही चष्मा पुसून जवळ गेलो. टाकीवर ‘ट्रायम्फ’ अशी अक्षरे होती. नाव विलायती, पण गाडी आपल्या पुणे जिल्ह्यातली. ट्रायम्फच्या या चारशे सीसीच्या गाड्या २०२३ सालापासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. भाच्याने किंमत सांगितली नाही, लिटरला किती धावते तेही सांगितले नाही. त्याने आधी सांगितले ते घोडे. चाळीस! एका सिलिंडरमधून चाळीस घोडे.

मी त्याला म्हटले, की बाबा रे, ज्या गाडीमुळे या नावाचा डंका जगभर वाजला, तिचे इंजिन तुझ्या इंजिनापेक्षा शंभर सीसीने मोठे होते, सिलिंडर एकाऐवजी दोन होते आणि घोडे होते फक्त सत्तावीस. त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की त्या सत्तावीस घोड्यांच्या वतीने मलाच थोडा राग आला. हा लेख त्या रागातून उतरला आहे असे समजायला हरकत नाही.

ते सत्तावीस घोडे जुंपणाऱ्या माणसाचे नाव एडवर्ड टर्नर. जन्म २४ जानेवारी १९०१, लंडनचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात हा पोरगा व्यापारी जहाजांवर वायरलेस ऑपरेटर होता. युद्ध संपल्यावर दक्षिण लंडनमधल्या पेकहॅम भागात त्याने मोटरसायकलींचे एक छोटेसे दुकान चालवले. विक्री, दुरुस्ती, असा आपल्याकडच्या कुठल्याही पेठेत असतो तसा धंदा. पण गिऱ्हाइकांच्या गाड्या उघडता उघडता त्याला वाटू लागले, की यापेक्षा चांगले इंजिन आपण करू शकतो. साडेतीनशे सीसीचे एक इंजिन त्याने स्वतः आखले आणि घडवलेही. मोठी पदवी नाही, पाठीशी भांडवल नाही. हातात पेन्सिल मात्र जबरदस्त होती. त्याची आकडेमोड कच्ची होती असे त्याच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी पुढे बोलून दाखवले. पण डोळ्याचा अंदाज पक्का होता, यावर त्याच्या वैऱ्यांचेही एकमत असे. आणि वैरी त्याला भरपूर होते.

या पेन्सिलीतून १९२०च्या दशकात चार सिलिंडरचे एक विलक्षण इंजिन उतरले. चौकोनी चौरंगाच्या चार पायांसारखे चार सिलिंडर, खाली दोन क्रँक, एकमेकांत गिअरने अडकवलेले. हे कागद घेऊन टर्नर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांचे उंबरे झिजवत होता. शेवटी एरियल कंपनीच्या जॅक सँग्स्टरने त्याला ठेवून घेतले. १९३० सालच्या लंडनच्या प्रदर्शनात ‘स्क्वेअर फोर’ झळकली. सँग्स्टर आणि टर्नर ही जोडी पुढे आयुष्यभर भांडली आणि आयुष्यभर एकमेकांना धरून राहिली. १९३६ साली सँग्स्टरने कव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीचा डबघाईला आलेला मोटरसायकलींचा विभाग विकत घेतला आणि पस्तीस वर्षांच्या टर्नरला त्याचा सर्वेसर्वा करून टाकले.

आता थोडे घोड्यांविषयी. अश्वशक्ती हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की त्यातला अश्व विसरून जातो. आपल्या विहिरीवरची मोट डोळ्यांसमोर आणा. पंचाहत्तर किलो पाणी एका सेकंदात एक मीटर वर खेचले, की तो झाला एक घोडा. हे काम मिनिटामागून मिनिट, न थांबता करायचे. एकदाच हिसका देऊन भागत नाही.

इंजिनात मोट नसते, दट्ट्या असतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचा भडका उडतो, दट्ट्या खाली ढकलला जातो, क्रँक फिरतो. तेव्हा घोडे वाढवायचे मार्ग तीनच. भांडे मोठे करा, म्हणजे एका वेळी जास्त मिश्रण जळेल. ठोसा जोरदार करा, म्हणजे मिश्रण जास्त दाबून मग पेटवा. किंवा ठोसे भराभर मारा, म्हणजे इंजिन जास्त वेगाने फिरवा. चौथा मार्ग जगात कोणाला सापडलेला नाही. रेसवाले जे जे करतात ते या तिघांपैकीच काहीतरी असते. टर्बो म्हणा, मेथॅनॉल म्हणा, चार व्हॉल्व्ह म्हणा.

एकच मोठे सिलिंडर असले तर दट्ट्या जड. जड दट्ट्या भराभर वरखाली करता येत नाही. केला तर इंजिन थडथडते आणि शेवटी कुठेतरी तुटते. तेच भांडे दोन सिलिंडरांत विभागले, तर प्रत्येक दट्ट्या हलका होतो आणि जास्त पळतो. हे तत्त्व टर्नरच्या आधीही माहीत होते. शेजारीशेजारी दोन सिलिंडर असलेली साडेसहाशे सीसीची एक गाडी खुद्द ट्रायम्फनेच १९३३ साली काढली होती. व्हॅल पेज नावाच्या अत्यंत सज्जन आणि हुशार इंजिनिअरने ती केली होती. गाडी मजबूत होती, पण जड आणि बोजड. लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तेव्हा दोन सिलिंडरच्या इंजिनाचा जनक टर्नर, असे जे सरसकट लिहिले जाते ते मला पटत नाही. ते इंजिन सडपातळ कोणी केले असे विचारा, मग उत्तर टर्नर.

१९३७ साली ‘स्पीड ट्विन’ बाजारात आली. ४९८ सीसी, त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाचे दोन सिलिंडर, ऐंशी मिलिमीटरची धाव. चौरंगी इंजिनाचा अर्धा भाग काढून पाहावा तसे हे इंजिन सुचले, असे सांगतात. दोन्ही दट्ट्ये एकदमच वर जात आणि एकदमच खाली येत. का, तर त्यामुळे भडके आलटूनपालटून समान अंतराने उडत आणि दोन्ही सिलिंडरांना मिळून एकच कार्बोरेटर पुरे. खर्च कमी, भानगड कमी. बाहेरून पाहिले तर हे इंजिन जवळजवळ एका सिलिंडरच्या इंजिनाएवढेच दिसे. वजनही जवळपास तेवढेच. किंमत ७५ पौंडांच्या घरात, म्हणजे एका सिलिंडरच्या चांगल्या गाडीपेक्षा थोडीच जास्त. रंग गर्द तांबडा, दिव्याच्या कडेपासून चाकापर्यंत. नवशिक्या माणसालाही लाथ मारून सहज सुरू करता येई आणि ती ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास धावे.

मिनिटाला ६,३०० फेऱ्यांवर ते सत्तावीस घोडे मिळत. हा आकडा जरा उकलून पाहिला तर भाच्यालाही नमस्कार करावासा वाटेल. ६,३०० फेरे म्हणजे सेकंदाला एकशे पाच. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या ऐंशी मिलिमीटर खाली आणि तितकाच वर. म्हणजे सरासरी साठ किलोमीटरच्या वेगाने तो पळतो आणि तेही सरळ रस्त्यावर नव्हे. सेकंदातून दोनशे दहा वेळा तो पूर्ण थांबतो, वळतो आणि पुन्हा उलट दिशेने धावत सुटतो. आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला कोणी असे करायला सांगितले तर काय होईल याची कल्पना करावी.

यातले मर्म असे, की दट्ट्या असा हिसका देऊन थांबवताना क्रँकवर आणि बोल्टांवर जो ताण पडतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट केले की ताण चौपट. आणि टर्नरच्या इंजिनात दोन्ही दट्ट्ये एकाच वेळी वर जात असल्यामुळे एकाचा हिसका दुसऱ्याने सावरायची सोयच नव्हती. क्रँकवर वजन लावून तो थोडाफार सावरता येई, पूर्ण नाही. ज्या युक्तीने इंजिन स्वस्त आणि देखणे झाले, त्याच युक्तीत त्याची मर्यादाही शिजवून ठेवलेली होती. टर्नरला ती ठाऊक होती असे मी मानतो. कारण पहिल्याच वर्षी त्याला तिची चुणूक मिळाली. सिलिंडरचा ब्लॉक खालच्या कवचाला सहा बोल्टांनी जखडलेला होता. ब्लॉकची तळकड तडकू लागली. १९३९ साली सहाचे आठ बोल्ट झाले.

पण तोवर लोकांच्या तोंडाला चव लागली होती. १९३९च्या हंगामासाठी ‘टायगर १००’ निघाली. शंभर म्हणजे ताशी शंभर मैल. इंजिन तेच, पण दट्ट्ये घडीव, आतल्या वाटा घासून आरशासारख्या केलेल्या, मिश्रणावरचा दाब वाढवलेला. ७,००० फेऱ्यांवर चौतीस घोड्यांचा दावा होता.

दाब वाढवणे ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. तिशीच्या आत असताना मलाही ती सोपी वाटली होती. एका मित्राकडे दोन सिलिंडरची जुनी गाडी होती. आम्ही दोघांनी मिस्त्रीच्या मागे लागून तिचे हेड घासून घेतले. हेड घासले की वरची जागा कमी होते, मिश्रण जास्त दाबले जाते, ठोसा जोरात बसतो. मिस्त्री नको म्हणत होता. आठवडाभर गाडी काय पळाली म्हणता! मग एका रविवारी घाटात, चढावर, डाव्या सिलिंडरातून खिळे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. आम्ही तो आवाज ऐकला आणि तसेच पुढे गेलो. संध्याकाळी टेम्पोत गाडी घालून परत आलो तेव्हा पिस्टनला भोक पडलेले होते, चांगले चवलीएवढे. पेट्रोल आपल्या वेळेआधीच पेटले, की असे होते. मिस्त्रीने तो पिस्टन धुऊनपुसून कित्येक वर्षे दुकानाच्या खिडकीत ठेवला होता. आमचे नाव मात्र कोणाला सांगितले नाही, एवढे त्याचे उपकार.

असो. टर्नरकडे वळू.

त्याच १९३९ साली त्याच्या घरावर घाला पडला. पत्नी एडिथ मोटार अपघातात गेली. पुढच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कव्हेंट्री शहर भाजून काढले. ट्रायम्फचा कारखाना त्या रात्रीत बेचिराख झाला. वॉरिक गावात तात्पुरत्या जागेत यंत्रे हलवून काम चालू ठेवावे लागले, आणि १९४२ साली कव्हेंट्रीबाहेर मेरिडन या खेड्याच्या हद्दीत नवा कारखाना उभा राहिला. याच धामधुमीत टर्नरचे सँग्स्टरशी बिनसले आणि तो तडकाफडकी उठून बीएसए या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. वर्षसव्वा वर्षात परतही आला. हा माणूस रागीट, हेकट, दुसऱ्याचे श्रेय सहजासहजी मान्य न करणारा. हाताखालच्यांना तो धारेवर धरी. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या बर्ट हॉपवूडने पुढे ब्रिटिश मोटरसायकल उद्योगाच्या ऱ्हासावर पुस्तक लिहिले, त्यात टर्नरविषयी आदर आणि चीड इतकी एकत्र मिसळली आहेत की वाचणाऱ्याला ती वेगळी करता येत नाहीत.

युद्ध संपताच जो तो दोन सिलिंडरच्या मागे लागला. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, रॉयल एनफील्ड, चार-पाच वर्षांत सगळ्यांच्या दोन सिलिंडरच्या गाड्या आल्या. टर्नर अवघ्या धंद्याचा गुरू झाला. शर्यतींचे मात्र त्याला प्रेम नव्हते. शर्यतीसाठी गाड्या करणे म्हणजे पैसा जाळणे, असा त्याचा हिशेब. तरी कारखान्यातल्या फ्रेडी क्लार्कने विमानदलाच्या विजेच्या जनित्रासाठी केलेले अॅल्युमिनियमचे सिलिंडर टायगरवर चढवले आणि १९४६ साली एर्नी लायन्स या आयरिश स्वाराने त्यावर आइल ऑफ मॅनची मँक्स ग्रां प्री शर्यत भर पावसात जिंकली. गाडी शेवटची रेघ ओलांडून थांबली तेव्हा तिच्या फ्रेमची पुढची नळी तुटलेली होती! या धर्तीवर जी शर्यतीची गाडी पुढे विकायला ठेवली, ती चाळीस घोड्यांच्या आसपास देत असे. पाचशे सीसीतून चाळीस.

टर्नरचे लक्ष मात्र शर्यतीपेक्षा अमेरिकेकडे होते. दरवर्षी तो तिकडे जाई, कॅलिफोर्नियातल्या आपल्या विक्रेत्यांना भेटे. अमेरिकेत रस्ते सरळ, अंतरे मोठी आणि माणसे उतावीळ. त्यांना आणखी घोडे हवे होते. येथे टर्नरचा स्वभाव दिसतो. त्याने ठोसा वाढवला नाही, फेरेही वाढवले नाहीत. तिन्हींतला सर्वांत शहाणा मार्ग घेतला आणि भांडे मोठे केले. १९४९ची ‘थंडरबर्ड’ ६४९ सीसीची होती आणि ती चौतीस घोडे देई, तेही ६,३०० फेऱ्यांवर. म्हणजे टायगरने धापा टाकत जे काम केले ते हिने दमादमाने केले. पॅरिसजवळच्या माँलेरीच्या गोल ट्रॅकवर अशा तीन गाड्या प्रत्येकी पाचशे मैल पळवल्या, सरासरी वेग ताशी १४५ किलोमीटरहून जास्त. मार्लन ब्रँडोने १९५३च्या ‘द वाइल्ड वन’ या सिनेमात जी मोटरसायकल हाकली ती हीच. गुंडांच्या टोळीच्या म्होरक्याखाली आपली गाडी दाखवली म्हणून अमेरिकेतले विक्रेते तेव्हा नाराज झाले होते. खप काही त्यामुळे कमी झाला नाही.

त्याच वर्षी टर्नरने केलेली एक गोष्ट मला फार आवडते. कंपनीने दीडशे सीसीची ‘टेरियर’ नावाची एक छोटी गाडी काढली होती. आठेक घोडे. तिची जाहिरात करायला बावन्न वर्षांचा हा मोठा साहेब कारखान्यातल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना घेऊन स्वतः स्वार झाला आणि इंग्लंडच्या दक्षिण टोकापासून स्कॉटलंडच्या उत्तर टोकापर्यंत गेला. १,००८ मैल, म्हणजे सव्वासोळाशे किलोमीटर. सरासरी ताशी ५९ किलोमीटर आणि पेट्रोलचा हिशेब लिटरला साधारण ३८ किलोमीटर. आपल्याकडच्या बापांना हा साहेब फार आवडला असता.

पण गिऱ्हाईक बापांचे ऐकत नसते. येथे निसर्गाचा एक क्रूर नियम आड येतो. गाडी वेगात पळू लागली, की ती मुख्यतः वाऱ्याशी झुंजते आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर घोडे आठपट. ताशी १५० वरून १८० किलोमीटरवर जायचे, म्हणजे वेग फक्त वीस टक्क्यांनी वाढवायचा, तर शक्ती पावणेदोनपट लागते. सत्तावीसला पावणेदोनने गुणा. सत्तेचाळीस येतात. गंमत म्हणजे कागदावरचा हा हिशेब आणि ट्रायम्फचा इतिहास जवळजवळ तंतोतंत जुळतात. १९५४ची ‘टायगर ११०’ बेचाळीस घोड्यांवर पोचली, आणि १९५९च्या हंगामासाठी जी गाडी आली तिचे घोडे होते ६,५०० फेऱ्यांवर सेहेचाळीस. वेग ताशी एकशे ऐंशीच्या आसपास. तिचे नाव ‘बोनेव्हिल’.

हे नाव अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मिठाच्या मैदानाचे. १९५६ साली जॉनी अॅलन या टेक्सासच्या स्वाराने ट्रायम्फचे साडेसहाशे सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन एका सिगारच्या आकाराच्या कवचात घातले, त्याला पेट्रोलऐवजी मेथॅनॉल पाजले आणि त्या मैदानावर ताशी सुमारे ३४५ किलोमीटरचा वेग गाठला. आंतरराष्ट्रीय संघटनेने विक्रम मानला नाही, त्यावरून पुष्कळ वाद झाला, आणि त्या वादाने गाडीची जाहिरात फुकटात झाली.

बोनेव्हिलला दोन कार्बोरेटर होते. जाणकार सांगतात, की टर्नरचे मन या गाडीला धजत नव्हते. शेवटी इतक्या उशिरा त्याने होकार दिला, की त्या वर्षीच्या छापील कॅटलॉगमध्ये तिचे नावही आले नाही. त्याची भीती पोकळ नव्हती. १९३७ साली सत्तावीस घोड्यांसाठी जी रचना आखली होती, तिच्यावर आता सेहेचाळीस स्वार झाले होते. तीन तुकडे बोल्टांनी जोडून केलेला क्रँक आता पुरेना, म्हणून १९५९ला तो अखंड घडीव करावा लागला. पुढच्या वर्षी नवी दुहेरी नळ्यांची फ्रेम दिली, तर ती मानेपाशी तुटू लागली. घाईघाईने एक जादा नळी जोडावी लागली. हादरे इतके, की दिव्याच्या तारा तुटत, नट ढिले होत, हातापायांना मुंग्या येत. घोडा वाढला की तो क्रँकला सांभाळावा लागतो, क्रँकने सोडला तर ब्लॉकला, ब्लॉकने सोडला तर फ्रेमला आणि शेवटी स्वाराच्या मनगटाला. ओझे जाते कुठे? पुढच्याच्या डोक्यावर.

तरीही बोनेव्हिल खपली, आणि नुसती खपली नाही, तर ती ट्रायम्फचीच ओळख होऊन बसली. माझ्या मते येथे टर्नरचे बरोबरही होते आणि चूकही. या इंजिनाकडून यापेक्षा जास्त मागू नका, हे त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर. पण मग दुसरे इंजिन आखायचे होते. ते करण्याच्या ऐन उमेदीत त्याची पेन्सिल मोटारींच्या कामाला लागली. १९५१ साली सँग्स्टरने ट्रायम्फ बीएसएला विकली होती, आणि काही वर्षांनी टर्नर त्या संपूर्ण समूहाच्या वाहन विभागाचा प्रमुख झाला. तिथे त्याने डेमलरसाठी अडीच लिटरचे आठ सिलिंडरचे एक इंजिन केले. ते उत्कृष्ट होते, १४० घोड्यांचे. मोटरसायकलींच्या वाट्याला मात्र तेच जुने दोन दट्ट्ये, एकदम वर आणि एकदम खाली.

१९६० साली तो जपानला गेला. होंडा, सुझुकी, यामाहाचे कारखाने पाहिले. परतल्यावर त्याने जो अहवाल दिला त्यात त्याने डोळे झाकून घेतले नव्हते. तिथली यंत्रे, तिथली शिस्त, तिथला आवाका पाहून तो हादरला होता. अहवाल वाचला गेला आणि कपाटात गेला. पाच वर्षांनी होंडाची साडेचारशे सीसीची दोन सिलिंडरची गाडी आली. ८,५०० फेऱ्यांवर त्रेचाळीस घोडे, बटण दाबले की सुरू. म्हणजे बोनेव्हिलएवढे काम, तिच्या जवळपास दोन तृतीयांश भांड्यात.

मग दोन सिलिंडरच्या मोटरसायकलीतून घोडे निघतात तरी किती? भाच्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, डुकाटीने २०१७ साली पाचशे नगांची एक गाडी विकली, तिचे इंजिन तिरप्या दोन सिलिंडरचे, १,२८५ सीसीचे, आणि घोडे २१५. नवे ट्रायम्फवालेसुद्धा ‘स्पीड ट्विन’ हे टर्नरचेच नाव लावून बाराशे सीसीची गाडी विकतात, तिचे घोडे शंभराच्या घरात. आणि चेन्नईच्या रॉयल एनफील्डने २०१८ साली साडेसहाशे सीसीची दोन सिलिंडरची ‘इंटरसेप्टर’ काढली, तिचे घोडे सत्तेचाळीस. म्हणजे १९५९च्या बोनेव्हिलपेक्षा जेमतेम एक जास्त! साठ वर्षांत एक घोडा? तर तसे नाही. तिच्यात हादरे मारणारा वेगळा दांडा आहे, दट्ट्ये एकाच वेळी वर जात नाहीत, धुराचे कडक नियम पाळून ती पळते आणि रविवारी सकाळी पाना घेऊन नट आवळत बसावे लागत नाही. आकडा तोच, पण पोटातले हाल वेगळे. कॅटलॉगमध्ये हे हाल छापायची पद्धत नाही.

टर्नर १९६०च्या दशकात कारभारातून निवृत्त झाला. १९५२ साली त्याने पुन्हा लग्न केले होते, मुले लहान होती. घरी बसवेना. सत्तरीला टेकलेला असताना त्याने पुन्हा एकदा दोन सिलिंडरचे इंजिन आखले, या वेळी साडेतीनशे सीसीचे, दोन्ही कॅमशाफ्ट डोक्यावर चढवलेले. हॉपवूड आणि त्याच्या माणसांनी त्यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या. गाडीची जाहिरात झाली, चित्रे छापून आली. ९,००० फेऱ्यांवर चौतीस घोडे, असे त्यात म्हटले होते. थंडरबर्डने १९४९ साली जवळजवळ दुप्पट भांड्यातून दिले होते तेवढेच. म्हणजे म्हातारा शिकला होता! पण तोवर बीएसएची तिजोरी रिकामी झाली होती. हातच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने तयार झाले आणि काम थांबले.

१५ ऑगस्ट १९७३ रोजी टर्नर वारला. पुढच्याच महिन्यात मेरिडनचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. कामगारांनी फाटक अडवले, आत ठाण मांडले आणि पुढे सहकारी संस्था करून तो कारखाना स्वतः चालवला. त्यांच्याकडे नवे इंजिन नव्हतेच, होती ती बोनेव्हिल. आता ७४४ सीसीची. १९८३ साली मेरिडनला कायमचे कुलूप लागले, तेव्हाही तिथल्या बोनेव्हिलचे दोन्ही दट्ट्ये एकदमच वर जात होते आणि एकदमच खाली येत होते.

भाचा दुसऱ्या दिवशी निघाला. निघण्याआधी त्याने मला मागे बसवून नदीच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून आणली. त्या चाळीसांपैकी किती घोडे आमच्या कामी आले ते मी त्याला विचारले नाही. आमच्या रस्त्यावर दर शंभर फुटांवर गतिरोधक आहेत.